निलजकर सरांचा आहेर

निलजकर सर पहिल्या दिवशी वर्गात आले ते हातात पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात उकडलेल्या शेंगा होत्या. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, शेंगा त्यावर ओतल्या, "खावा सगळ्यांनी" म्हणाले आणि रिकामा डबा आमच्यापुढे फिरवायला लागले. "पेनं टाका ह्यात. सगळ्यांची." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. लिहायला शिकायचं म्हणून शनिवारची दुपारची झोप मोडून आलेलो आम्ही, आणि हा माणूस आल्याआल्या पेनंच काढून घेत होता. डब्याचं झाकण त्यांनी घट्ट बसवलं आणि खुर्चीत मांडी घालून बसले. "आधी तोंड, मग हात. जी गोष्ट सांगता येत नाही ती लिहिता पण येत नाही. सांगा कोण सांगतंय ते." पुढे दीड महिना आम्ही त्या वर्गात एक ओळ लिहिली नाही. शेंगा मात्र पोत्याने खाल्ल्या.

विश्वनाथ निलजकर हे बेळगावकडचे कादंबरीकार. विद्यापीठाने त्यांना एका सत्रापुरतं पाहुणे लेखक म्हणून बोलावलं होतं, आणि त्यांची कार्यशाळा अंधेरीच्या एका कॉलेजात दर शनिवारी दुपारी भरायची. वयाची, शिक्षणाची अट नव्हती, म्हणून माझ्यासारखीचा नंबर लागला. मी बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढायचं, दुपारी नमुन्यांच्या नळ्या लावायच्या, संध्याकाळी कांदिवलीला घरी. शनिवारी अर्धा दिवस. घरी मी आणि आई. लग्नाचा विषय आमच्याकडे कधीतरी निघाला आणि कधीतरी बंद झाला. मला कथाबिथा लिहायच्या नव्हत्या. माझ्याकडे एकच गोष्ट होती आणि ती लहानपणापासून घशात अडकलेली होती. ती एकदाची नीट लिहायची, एवढ्यासाठीच मी नाव घातलं होतं.

सर बुटके, अंगाने भरलेले, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. वर्गातल्या कुणालाही ते पहिले काही दिवस नावाने हाक मारत नसत, त्याच्या कामाने मारत. मी "रक्तवाली". मंगेश हा दहिसरहून येणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर, ठोकलेल्या गाड्या तपासायचा, म्हणून तो "डेंटवाला". मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा माझा आवाज फुटेना. सर म्हणाले, "रोज दुसऱ्याचं रक्त काढतीस, आणि हितं घाबरतीस होय? सुई तीच आहे बघ, फक्त उलटी धर." वर्ग हसला आणि माझी भीती गेली. असं एखाद्या वाक्यात माणसाला मोकळं करायची हातोटी त्यांच्याकडे होती, हे मला आजही नाकारता येत नाही.

आणखी एक सवय होती त्यांची. कुणी गोष्ट सांगायला लागलं की ते डोळे मिटायचे आणि त्यांचे ओठ हळूहळू हलायला लागायचे. सांगणाऱ्याचे शब्द ते स्वतःशी, आवाज न करता, पुन्हा म्हणायचे. इतकं मन लावून आपलं कुणी ऐकतंय, हे आमच्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. लॅबमध्ये माझं कोण ऐकतं? "मूठ आवळा, सोडा" यापलीकडे मी बोलतच नाही. मंगेश एकदा चहा पिताना म्हणाला, "सुजू, सर ऐकतात ना, तेव्हा मला यार देवळात बसल्यासारखं वाटतं." तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, तो माणूस पाठ करत होता.

पेनं परत मिळायच्या आधी सरांनी आमच्याकडून एक प्रकार करून घेतला. त्याला ते "आहेर" म्हणायचे. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. आपल्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट जोडीदाराला कोपऱ्यात नेऊन सांगायची. मग जोडीदाराने ती सगळ्या वर्गासमोर स्वतःची म्हणून, "मी" लावून सांगायची. ज्याची गोष्ट त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही, चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. "आहेर दिला की दिला. मांडवात उभं राहून कोण म्हणतं का, साडी अशी नेसू नको म्हणून?" मंगेशने लगेच हात वर केला. "सर, आमच्याकडे आलेला आहेर लोक पुढच्या लग्नात दुसऱ्याला देऊन टाकतात. घडी पण मोडत नाहीत." सर खो खो हसले. "मग तसंच करायचं की! वस्तू फिरती राहिली पाहिजे." हसू थांबल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पण ह्या खोलीतलं ह्या खोलीत. बाहेर कुणी नेलं तर त्याला माझ्या वर्गात जागा नाही." दोन्ही नियम त्यांनी एका दमात सांगितले. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या दिवशी एक बाई आल्या नव्हत्या, म्हणून जोड्या लावताना मी एकटी उरले. सर म्हणाले, "ये रक्तवाली, तुझा जोडीदार मी." खिडकीपाशी दोन खुर्च्या ओढून आम्ही बसलो आणि मी कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली.

माझे वडील मी लहान असताना आखातात नोकरीला गेले. पहिली काही वर्षं पत्रं आली, पैसे आले. मग एक पत्र आलं आणि त्यानंतर काही आलं नाही. त्या पत्रात काय होतं ते आईने मला सांगितलं नाही, पण त्यांनी तिकडे दुसरं घर केलं होतं हे मला पुढे मामाकडून कळलं. आम्ही तेव्हा कांदिवलीच्या चाळीत राहायचो. आजूबाजूला सगळी आमच्याकडचीच, मालवण-कुडाळची माणसं. नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून तिथे जगणं आईला मान्य नव्हतं. मग दर रविवारी सकाळी ती चांगली साडी नेसायची, मला सोबत घ्यायची आणि नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जायची. नंबर फिरवायची आणि बोलायची. "बरे आहात ना? जेवणाची आबाळ करू नका. सुजू? सुजू बरी आहे. गणपतीला जमेल का यायला? नाही? बरं बरं, साहेबाला नाराज करू नका." बूथचं दार ती मुद्दाम अर्धवट उघडं ठेवायची. बाहेर रांगेत चाळीतलं कुणी ना कुणी असायचंच, आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी जायची की सुजूच्या बाबांचा फोन झाला.

एका रविवारी बोलता बोलता आईचा पदर दारात अडकला. ती तो सोडवायला वाकली आणि मी तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. मला बाबांशी बोलायचं होतं. कानाला लावला तर आत एक बाई वेळ सांगत होती. इतके वाजून इतकी मिनिटं, इतके सेकंद, मग एक टुंग, मग पुन्हा तेच. तेव्हा फोनवर वेळ सांगणारा एक नंबर असायचा, आई दर रविवारी तो फिरवत होती. मी वर पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. बाहेर शेजारच्या तावडेकाकी उभ्या होत्या. मी फोनमध्ये म्हणाले, "बाबा, मी वर्गात दुसरी आले. चित्रकलेत पहिली." वेळ सांगणारी बाई वेळ सांगत राहिली आणि मी बोलत राहिले. मग रिसीव्हर आईला दिला. तिने तो जागेवर ठेवला आणि काकींना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "अभ्यास कर म्हणाले."

घरी येताना आम्ही यावर बोललो नाही. त्या दिवशी नाही, दहावीला नाही, चाळ सोडून बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा नाही, बाबा तिकडेच वारल्याचं कळलं तेव्हाही नाही. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मला. आमच्या दोघींच्या संसाराचा पायाच म्हणा ना तो. ही गोष्ट लिहावीशी वाटत होती, आणि आईला न दुखवता ती कशी लिहायची ते कळत नव्हतं.

सरांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. आमची पाळी आल्यावर ते वर्गासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी आई रविवारी चांगली साडी नेसायची." पुढचं मी नीट सांगू शकत नाही. माझीच गोष्ट, माझेच शब्द, पण मला सांगताना जिथे धाप लागली होती तिथे ते थांबले, आणि मी जे घाईने सांगून टाकलं होतं त्यापाशी रेंगाळले. मंगेश नाक ओढत होता. मी रडले आणि मला फार हलकं वाटलं. गोष्टीसाठी ह्याहून सुरक्षित जागा नाही, असं मला खरोखर वाटलं.

पेनं परत मिळाल्यावर मी आठवडाभर खपून ती लिहून काढली आणि सरांना दिली. त्यांनी ती तिथेच वाचली, कागदांची घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवली. "कच्ची आहे अजून. पाड लागला नाही." आंब्याला पाड लागणं, म्हणजे तो झाडावर पिकायला लागणं, हा त्यांचा आवडता शब्द होता, कुणालाही "वाईट लिहिलंय" असं ते म्हणत नसत. मी विचारलं, "काय कमी आहे, सर?" ते म्हणाले, "कमी काही नाही. तू भिऊन लिहिलंयस. प्रत्येक वाक्य आईला कसं वाटंल ते बघून लिहिलंयस. आई हाय तोवर हे लिहू नकोस, पोरी. जिवंत माणसाची झाकली मूठ उघडायची नसती. थांब. गोष्ट कुठं पळून जात नाही." मी ते कागद घरी कपाटात ठेवून दिले. एवढ्या मोठ्या लेखकाला माझ्या आईची पर्वा आहे, याचं मला किती अप्रूप वाटलं होतं! गोष्ट कुठली ते न सांगता मी हे लॅबमधल्या मैत्रिणींनाही ऐकवलं होतं.

सत्र संपत आलं तेव्हा मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. आईने बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी केली. सर हात चाटत जेवले. "ताई, तुमच्या हातच्या सोलकढीसाठी परत मुंबईला यावं लागणार बघा." आई खूश. ते गेल्यावर म्हणाली, "देवमाणूस गो. एवढो मोठो माणूस, पण ताट उचलून मोरीत ठेवलान." त्यांना सोडायला मी खाली उतरले तेव्हा ते म्हणाले, "तो बूथ कुठं होता ते दाखव की." बूथच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. सर रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बराच वेळ त्या दुकानाकडे बघत होते. रांग कुठे लागायची, दार कुठल्या बाजूला उघडायचं, आई उभी राहून बोलायची की बसून, असं एकेक विचारत होते. मी सगळं सांगितलं, अगदी उत्साहाने, साडीच्या काठासकट.

सर बेळगावला परत गेले. अधूनमधून फोन करायचे. "आई कशी हाय?" हा पहिला प्रश्न, "दुसरं काही लिहितीस का?" हा दुसरा. मी म्हणायचे, दुसरं काही नाहीच हो माझ्याकडे. ते म्हणायचे, "मग थांब. थांबणं पण लिहिणंच असतंय." हे वाक्य मी इतरांना ऐकवत असे.

मग एका रविवारी सकाळी मंगेशचा फोन आला. "सुजू, पेपर बघितलास? पुरवणी? नको, तू बसून बघ." निलजकर सरांचं आत्मचरित्र येणार होतं आणि पुरवणीत त्यातला एक भाग छापला होता. "माझी आई रविवारी चांगली साडी नेसायची," अशी सुरुवात होती. लहानपणी काही वर्षं सर म्हणे परळला मामाकडे राहिले होते. तिथल्या पोस्टातला फोन, बोटीवर गेलेले वडील, आणि वेळ सांगणारी बाई. दारात अडकलेला पदर. "अभ्यास कर म्हणाले." शेवटी त्यांनी पदरचं एवढंच घातलं होतं की हे ऐकून आई तिथेच खाली बसते, मुलाला पोटाशी धरते आणि ओक्साबोक्शी रडते.

मी बाहेरच्या खोलीत धावले. पेपर लपवायचा होता. पण रविवारची पुरवणी आमच्याकडे आधी आईच वाचते. ती खिडकीशी बसली होती, चष्मा डोळ्यावरून काढून मांडीवर ठेवलेला, पेपरची घडी परत जशीच्या तशी घातलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू ह्या कोणाक सांगितलंस?"

"वर्गात सांगितलं होतं आई. बाहेर जाणार नव्हतं."

"माका कधी बोललंस नाय. आणि वर्गात बोललंस."

मी तिच्या पायाशी बसले. काय काय सांगत होते आठवत नाही, आहेर, नियम, सरांनी लिहू नको म्हटलं होतं ते. तिने ऐकून घेतलं. मग पेपरवर बोट ठेवून विचारलं, "आणि ह्या रडण्याचा काय? त्या बूथात मी कधी रडलंय गो?"

"नाही आई."

"मग तू रडलंय म्हणान सांगितलंस?"

"नाही. ते त्यांनी घातलं."

ती उठली आणि भाताला आधण ठेवायला गेली. त्या दिवसापासून आईने मला काही सांगणं सोडलं. म्हणजे बोलायची सगळं, दूध नासलं, पाणी जाणार आहे, तावडेकाकींच्या नातीचं ठरलं. पण जुनं काही निघालं की माझ्याकडे एकदा बघायची आणि थांबायची. माहेरचं, बाबांचं, चाळीतलं जे ती पूर्वी भाजी निवडता निवडता सहज बोलून जायची ते सगळं बंद झालं. माझ्याच घरात मी परकी झाले. ते मला सरांनी केलं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

मी सरांना फोन केला. वाटलं होतं, उचलणार नाहीत. पहिल्या रिंगला उचलला. "वाचलीस काय? कशी वाटली?" आवाजात नुसता आनंद. मी म्हणाले, "सर, ती माझी गोष्ट आहे." ते म्हणाले, "होती की. तू आहेर दिलास, मी पुढच्या लग्नात दिला." आणि हसले. मला हसू येत नाहीये हे कळल्यावर समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तुझं नाव कुठं हाय का त्यात? तुझ्या आईचं हाय का? सगळं मी माझ्या अंगावर घेतलंय. टाकलेल्या बाईचा पोरगा म्हणून आता लोक मला बघणार, तुला नव्हे."

"तुम्ही मला म्हणालात, आई आहे तोवर लिहू नको."

"तू लिहू नको म्हटलं. तुझी आई हाय." मग सहज म्हणाले, "माझी कधीच गेली."

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी दोनदा सुई टोचली, शीर सापडेना. मंगेश म्हणाला, "केस ठोकू या. वर्गातले सगळे साक्ष देऊ." पण केस म्हणजे काय? ती बाई माझी आई आहे असं चार लोकांत सांगायचं. गोष्ट परत मिळवायची तर सरांनी निदान नाव झाकून जे केलं तेच मला आईचं नाव घेऊन करावं लागणार होतं. त्यांनी ते आधीच ओळखलं होतं, अशी माझी खात्री आहे.

पुस्तक आलं, गाजलं. बोरिवलीच्या एका पुस्तक प्रदर्शनात सर वाचकांना सह्या द्यायला येणार असल्याची जाहिरात आईनेच पेपरात वाचली. "माका घेऊन चल," म्हणाली. मी नको नको म्हटलं. तिने कपाटातून नारायणपेठ काढली आणि नेसायला सुरुवात केली, तेव्हा मी गप्प झाले.

मांडवात गर्दी होती. सर टेबलामागे बसले होते, बाह्या दुमडलेल्या, समोर पुस्तकांची चळत. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण तेवढ्यापुरताच. लगेच उठून उभे राहिले. "या ताई, या. किती वर्षांनी!" खुर्ची पुढे केली. आई बसली नाही. रांगेतली माणसं कौतुकाने बघत होती. आईने शांतपणे विचारलं, "सर, त्या पुस्तकातली फोनवर बोलणारी बाई, ती तुमची आई का हो?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. रांगेतल्या लोकांकडेही पाहिलं असावं. मी मनात म्हणत होते, आता तरी सांगा. हळू आवाजात सांगा, नुसती मान खाली घाला, एवढंही पुरे.

"होय, ताई," ते म्हणाले. "माझीच आई ती."

आईने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला, आणि मला रडू यायला लागलं. चार लोकांसमोर त्या माणसाने ती बाई आपली म्हटली होती, म्हणजे ती आईची राहिली नव्हती. आईला तेच हवं होतं. मला मात्र त्या क्षणी दोघांनी मिळून रस्त्यावर काढल्यासारखं वाटलं. निघताना आई वळली आणि म्हणाली, "मग तिला रडवायला नको होतंत हो. अशा बाया रडत नसतात. रडल्या तर दुसऱ्या रविवारी परत जाणार कशा?"

सरांनी डोळे मिटले. बाहेर पडताना मी मागे वळून बघितलं तर पुढच्या वाचकाचं पुस्तक हातात तसंच होतं आणि त्यांचे ओठ हलत होते.

रिक्षात आई म्हणाली, "ऐकलंस मा? त्येंची आवस होती ती. आता तो विषय काढू नको." मी काढला नाही. तिने मला पुन्हा जुनं काही सांगितलंही नाही. गेल्या थंडीत ती गेली. बाबांच्या त्या शेवटच्या पत्रात काय होतं ते ती मला कधीतरी सांगेल, असं मी शेवटपर्यंत धरून चालले होते.

तिच्या मागोमाग दोनेक महिन्यांत सर गेले, हृदयविकाराने, बेळगावलाच. अंधेरीच्या त्याच कॉलेजात शोकसभा ठेवली तेव्हा मंगेश म्हणाला, "तू येऊ नकोस, उगाच डोकं फिरेल." पण मी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. मला बोलायला शिकवणारा दुसरा कुणी माणूस माझ्या आयुष्यात आला नाही, हेही खरंच होतं. शिवाय आई आता नव्हती. घरी कपाटात कागद होते. सरांनीच घातलेली अट संपली होती आणि आता ती गोष्ट मी लिहू शकत होते. कुणी म्हणो सरांच्या पुस्तकातून उचलली, मला तिचा शेवट ठाऊक होता. ती बाई रडली नव्हती, आणि आई आणि सर दोघंही गेल्यावर हे जगात मला एकटीला माहीत होतं. तेवढं एक माझ्याकडे शिल्लक होतं.

भाषणं झाल्यावर सरांची मुलगी उठली. डोळे सुजलेले, हातात पुस्तकाची नवी, दुसरी आवृत्ती. म्हणाली, "आजीची ही गोष्ट बाबांनी घरी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. नव्या आवृत्तीसाठी त्यांनी एवढंच पान बदललं. आजी नीट आठवली म्हणाले." मग तिने वाचायला सुरुवात केली. चांगली साडी, अर्धं उघडं दार, अडकलेला पदर. मुलगा रिसीव्हर परत देतो. आई विचारते, काय म्हणाले. अभ्यास कर म्हणाले. मुलीने पान उलटलं आणि वाचलं, "आई रडली नाही. अशा बाया रडत नसतात. रडल्या तर दुसऱ्या रविवारी परत जाणार कशा?"

कुणीतरी हलकेच "वा" म्हणालं. मंगेशने माझा हात धरला. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी सरांनीच शिकवलेल्या कानाने मी ऐकत होते, की आता एकही शब्द इकडचा तिकडे करायला नको. गोष्ट पिकली होती. घरी आल्यावर मी कपाटातले कागद काढले, शेवटपर्यंत वाचले, आणि त्यात लिहिण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही हे मला कळलं.